शोधनिबंध ओळखायचा कशावरून?

संवादकौशल्याच्या प्रशिक्षणवर्गात एक आकडेवारी हमखास भेटते. बोलण्याच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के. पडद्यावर रंगीत वर्तुळ असतं, त्याचे तीन तुकडे असतात आणि खाली बारीक अक्षरांत एक आडनाव असतं: मेहराबियन. नाव खरं आहे, आकडेही त्यांचेच आहेत, आणि तरी त्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली सहकाऱ्यांसह दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, दुसऱ्यात एका शब्दाच्या जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी, हे ऐकणारा कशावरून ताडतो, एवढाच प्रश्न होता. त्या अरुंद प्रश्नाचं उत्तर उचलून मुलाखतीपासून पगारवाढीच्या बोलणीपर्यंत सगळ्याला लावलं गेलं. हा नियम खरा असता तर फोनवर पत्ता सांगणाऱ्याचं निम्म्याहून अधिक बोलणं वाटेतच सांडायला हवं होतं. हे उघडकीला आणायला कुणा दुसऱ्या संशोधकाची गरज नाही, मूळ निबंध उघडला की पुरे. तो उघडला जात नाही, हीच अडचण आहे.

एमबीएच्या प्रत्येक नोट्समध्ये असलेल्या मॅस्लोच्या त्रिकोणाची गोष्टही अशीच. अब्राहम मॅस्लो यांचा प्रेरणेवरचा निबंध १९४३ सालचा, ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मधला. त्यात गरजांची उतरंड आहे, त्रिकोण मात्र नाही. हा त्रिकोण आला कुठून, याचा माग काढणारा एक निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि तो माग व्यवस्थापन-सल्लागाराचं काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाच्या १९६० सालच्या लेखापाशी जाऊन थांबला. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय माणूस पुढची चढत नाही, हा जो ताठर अर्थ विद्यार्थी पाठ करतात, तो त्या चित्राने दिलेला आहे. मॅस्लो स्वतः इतके ठाम नव्हते. तरीही संदर्भयादीत ‘मॅस्लो, १९४३’ असं डोळे झाकून लिहिलं जातं. संदर्भ निर्दोष आणि विधान सदोष, अशी ही जोडी मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासात जागोजागी दिसते.

या विषयाचा विद्यार्थी संशोधनाला लागला की त्याला सांगितलं जातं: शास्त्रीय लेख शोध, इकडचंतिकडचं घेऊ नकोस. सल्ला बरोबर आहे. पण शास्त्रीय लेख ओळखायचा कशावरून, याचं जे उत्तर त्याला मिळतं ते बहुधा शिक्क्यांचं असतं. आयएसएसएन क्रमांक आहे का, डीओआय आहे का, अमक्या यादीत नियतकालिक आहे का, तज्ज्ञांकडून तपासून घेतो असं मुखपृष्ठावर छापलंय का. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की शिक्का पाहून शोधनिबंध ओळखता येत नाही. आपण चुकलो असू तर ते कसं पकडायचं, याची सोय जो लेख वाचकाच्या हाती देतो तो शोधनिबंध. आणि ती सोय लेखाच्या आत असते, मुखपृष्ठावर नसते.

शिक्क्यांवर भरवसा ठेवल्याने काय होतं, याचा धडा आपल्या देशाइतका महाग क्वचितच कुणी घेतला असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची मोजपट्टी लावली, त्याआधी २००९ पासून पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापलेला असणं सक्तीचं झालं होतं. मागणी निर्माण झाली, पुरवठा आपोआप उभा राहिला. ‘पेपर टाकणं’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, जणू पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं. चार-पाच दिवसांत स्वीकृती, ठरलेले पैसे आणि वर प्रमाणपत्र. असे पेपर छापणाऱ्या नियतकालिकांकडे आयएसएसएन असायचा आणि तो खराही असायचा, कारण आयएसएसएन ही फक्त नोंदणी आहे. गाडीची नंबरप्लेट पाहून ब्रेक लागतात की नाही हे कळत नाही. २०१७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या नियतकालिकांची छाननी करून २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला: कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं कमी दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग केअर नावाची नवी यादी आली, तिचं बरंचसं काम पुण्यातूनच चाललं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर करून निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि अभ्यासकांवर सोपवली. आठ वर्षांत दोन याद्या आल्या आणि गेल्या. दरम्यान ज्यांनी यादी पाहून संदर्भ घेतले, त्यांच्या प्रबंधांत ते संदर्भ तसेच बसलेले आहेत.

हा केवळ भारतीय रोग नव्हे, हेही सांगायला हवं. २०१३ साली ‘सायन्स’ने एक सापळा लावला. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध जगभरच्या ३०४ खुल्या नियतकालिकांकडे पाठवला, त्यांतल्या १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांत नामांकित प्रकाशनगृहांची नियतकालिकंही होती. तज्ज्ञांकडून तपासणी हा शब्द छापणं आणि तपासणी करणं यांत किती अंतर असतं, ते तिथे दिसलं.

मग आत पाहायचं म्हणजे काय पाहायचं? उदाहरण मुंबईच्या जवळचंच घेऊ. २०१३ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये निकोलस ब्लूम आणि चार सहलेखकांचा निबंध आला: व्यवस्थापनाने खरंच फरक पडतो का? पुरावा तारापूर आणि उंबरगाव या औद्योगिक पट्ट्यांतल्या कापड कारखान्यांचा होता. १७ कंपन्या, २८ कारखाने. प्रयोगात घेतलेल्या सगळ्या कारखान्यांची सल्लागारांनी महिनाभर पाहणी केली. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना त्यापुढे आणखी चार महिने मदत मिळाली: मालाच्या नोंदी, दोषांची मोजणी, यंत्रांची देखभाल, कामाची लेखी वाटणी, कामगिरीवर बक्षीस. पहिल्या वर्षात त्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. वर्तमानपत्राच्या बातमीला एवढं पुरेसं आहे. शोधनिबंध इथे सुरू होतो. बाहेरची माणसं वही घेऊन उभी राहिली म्हणून कारखाना नीट चालायला लागला असेल, ही शंका वाचकाला येणार हे लेखकांना ठाऊक आहे. म्हणून मदत न मिळालेल्या कारखान्यांतही तीच माणसं वही घेऊन उभी होती, याकडे ते लक्ष वेधतात. नमुना लहान आहे हे ते लपवत नाहीत आणि लहान नमुन्याला चालेल असं गणित वेगळं करून दाखवतात. इतक्या फायद्याच्या पद्धती मालकांनी आधीच का आणल्या नव्हत्या, हा अडचणीचा प्रश्नही ते टाळत नाहीत. त्याचं उत्तर शोधताना त्यांना आढळलं की कंपनी किती मोठी होते हे तिच्या कार्यक्षमतेपेक्षा घरात विश्वासाचे पुरुष किती आहेत यावर ठरतं. आणि काही वर्षांनी तेच संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. आणलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिल्या गेल्या होत्या, तरी मदत मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते. हेही त्यांनी २०२० मध्ये छापलं. आपल्याच यशाचा निम्मा भाग ओसरल्याचं सांगणारा सल्लागार बाजारात सापडणार नाही.

बाजाराचा उल्लेख आलाच आहे तर एक गल्लत इथेच सोडवू. मनुष्यबळ विषयात शोधनिबंधासारखं दिसणारं पण शोधनिबंध नसलेलं लेखन फार आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ १९२२ पासून निघतं, विद्यापीठाचं नाव धारण करतं, पण त्यातले लेख संपादक निवडतात आणि घडवतात. शोधपत्रिकेत असते तशी तज्ज्ञ-परीक्षणाची पद्धत तिथे नाही. ते वाचू नये असं नाही, पण पुरावा म्हणून वापरू नये. सल्लागार कंपन्यांचे ‘कर्मचारी-निष्ठा’ किंवा ‘भविष्यातलं काम’ या विषयांवरचे चकचकीत अहवाल त्याहून अवघड जागचे. त्यांत हजारो लोकांचं सर्वेक्षण असतं, पण प्रश्न कोणते विचारले, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, हे बहुतेकदा नसतं. शेवटच्या पानावर त्या रोगाचं औषध मात्र असतं, त्याच कंपनीने विकायला काढलेलं. हा माणूस नेमायचा की नाही, त्याला काढायचं की ठेवायचं, असे निर्णय अशा अहवालांवर होतात, आणि चूक झाली तर किंमत अहवाल लिहिणारा देत नाही.

ओळखण्याआधी सापडावं लागतं. आणि शोधणं हे निम्मं शब्दांचं काम आहे, याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत माणसं सोडून जाण्याला ‘अॅट्रिशन’ म्हणतात. अमेरिकन संशोधक त्याला वर्षानुवर्षं ‘टर्नओव्हर’ म्हणत आले. आपल्याकडे टर्नओव्हर म्हणजे वर्षाची उलाढाल, त्यामुळे तो शब्द शोधखिडकीत टाकण्याचं कुणाच्या मनातच येत नाही, आणि मग ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ असं वाक्य प्रबंधात ठोकून दिलं जातं. झालेलं असतं, दुसऱ्या नावाने झालेलं असतं. काळानुसारही नावं बदलतात. ‘ह्यूमन रिसोर्स’ हा शब्द रुळण्याआधी ‘पर्सोनेल’ होता, त्याही आधी कामगार कल्याण होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं, आपल्या एचआर विभागाचा एक धागा तिथून निघतो. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती, बदली कामगार रोज दारात उभा राहून काम मिळतं का पाहत असे. कंत्राटी कामगार आणि ठेकेदारामार्फत भरती या आजच्या प्रश्नांची पूर्वपीठिका तिथे आहे. पण ‘टॅलेंट अॅक्विझिशन’ असं टाइप करणाऱ्याला मॉरिस डी. मॉरिस यांचं १९६५ चं किंवा राजनारायण चंदावरकरांचं १९९४ चं पुस्तक दिसणार नाही. ते इतिहासाच्या कपाटात आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्स’, टाटा समाजविज्ञान संस्थेचं ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’, मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांचे जुने अंक चाळल्याशिवाय भारतातल्या कामाच्या जगाचा अभ्यास पुरा होत नाही. एक बरा निबंध हाती लागला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जायचं आणि त्याचा उल्लेख नंतर कुणी कुणी केला हे गूगल स्कॉलरवर पाहून पुढे यायचं. शोधखिडकीपेक्षा या दोन वाटांनी जास्त सापडतं. फक्त गूगल स्कॉलर हे यंत्र आहे, परीक्षक नाही, ते ‘पेपर टाकणाऱ्यां’चे लेखही तितक्याच सभ्यपणे पुढे करतं.

पुढे येण्याच्या वाटेवर एक धक्का बसतो आणि तो बसायला हवा. उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवर फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला. बौद्धिक क्षमतेची चाचणी आणि ठरावीक प्रश्नांची, ठरावीक गुणांकनाची मुलाखत या दोहोंचा पुढच्या कामगिरीशी संबंध त्यांनी ०.५१ काढला. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याचा ०.०२, म्हणजे जवळपास शून्य (आपल्याकडे त्याचे वर्ग अजून भरतात). पाव शतक हे आकडे पाठ्यपुस्तकांत राहिले. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या हिशेबात केलेली एक सांख्यिकी दुरुस्ती अनेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त केली गेली होती. ती काढल्यावर बौद्धिक चाचणी ०.३१ वर आली आणि ठरावीक मुलाखत ०.४२ वर राहून पहिली आली. मार्क ह्युसेलिड यांचा १९९५ चा निबंधही असाच. ९६८ कंपन्यांत त्यांना दिसलं की चांगल्या मनुष्यबळ पद्धती आणि नफा सोबत असतात. पण पद्धतींमुळे नफा होतो की नफा असलेल्यांनाच त्या पद्धती परवडतात? २००५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी आधीच्या काळातली कामगिरी हिशेबात धरली, तेव्हा तो संबंध जवळजवळ विरघळला. यावरून कुणी म्हणेल की मग संशोधनावर तरी कशाला विसंबायचं, तेही बदलतंच. पण सॅकेट यांना चूक सापडली ती श्मिट-हंटर यांनी हिशेब कसा केला ते लिहून ठेवलं होतं म्हणून. हस्ताक्षरतज्ज्ञाची चूक कधीच सापडत नाही, कारण त्याचा हिशेबच कुणी पाहिलेला नसतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रकल्प करणाऱ्या मुलाने सांख्यिकी कधी शिकायची आणि निबंध आतून कधी तपासायचे? त्याला यादीच हवी. आक्षेपात तथ्य आहे आणि यादी चाळणी म्हणून वापरायला हरकत नाही. ‘पर्सोनेल सायकॉलॉजी’ किंवा ‘ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट जर्नल’ यांपासून सुरुवात करणारा कुठल्याही चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकापासून सुरुवात करणाऱ्याच्या पुढे असतो. पण आतून पाहायला सांख्यिकीची पदवी लागत नाही. माणसं किती, कुठली, कशी निवडली, तुलना कुणाशी, आणि लेखकाने स्वतःच्या विरोधात काय नोंदवलं, एवढं साध्या वाचनाने कळतं. चाळीस निबंधांची नावं उतरवून घेण्यापेक्षा आठ निबंध असे वाचायला कमी वेळ लागतो. संदर्भांची संख्या मोजणारी आपली पद्धतच विद्यार्थ्याला उतरवून घ्यायला लावते, दोष त्याच्या आळसाचा कमी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. अमेरिकेतल्या किंवा चीनमधल्या संशोधनाचा चाकणच्या कारखान्याला काय उपयोग? माणसं वेगळी, कायदे वेगळे. पण तो उपयोग आहे की नाही, हे ठरवण्याची सामग्री शोधनिबंधातच असते, मथळ्यात नसते. घरून काम केल्याने कामगिरी १३ टक्क्यांनी वाढते, हा गाजलेला आकडा २०१५ च्या एका निबंधातला, सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधला. निबंध उघडला की कळतं: कर्मचारी स्वेच्छेने आलेले होते, घरी कामासाठी वेगळी खोली असणं ही अट होती, आठवड्यातले चार दिवस घरी आणि एक दिवस कार्यालयात असं काम होतं. १३ पैकी ९ टक्के वाढ तर केवळ जास्त मिनिटं काम केल्यामुळे, म्हणजे मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा घटल्यामुळे झाली. वन बीएचकेत सासू-सासरे आणि शाळकरी मूल असलेल्या मराठी घराला हा निष्कर्ष लागू होईल का, हे त्या एका अटीवरून कुणालाही तोलता येतं. ‘आमच्याकडे वेगळं असतं’ हे वाक्य बरोबर असू शकतं, पण कशात वेगळं हे सांगता आलं पाहिजे, आणि तारापूरचा निबंध दाखवतो की इथेही मोजता येतं.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आणि बोचरा आहे. चांगली नियतकालिकं भिंतीआड असतात आणि एका लेखाची किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना सरकारी संस्थांपुरती आहे. खासगी एमबीए महाविद्यालयं आणि कंपन्यांतले एचआर अधिकारी तिच्याबाहेर राहिले, म्हणजे या विषयाचा मोठा वाचकवर्गच बाहेर. तरी अर्थशास्त्राकडून आलेल्या बहुतेक निबंधांचा मसुदा लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर फुकट मिळतो, आणि शोधगंगेवर भारतातले प्रबंध कुणालाही पाहता येतात. २००२ साली अमेरिकेतल्या ९५९ एचआर व्यावसायिकांच्या पाहणीत नियमितपणे शोधनिबंध वाचणारे १ टक्क्याहूनही कमी निघाले होते. तिथे अडचण केवळ पैशाची नव्हती.

आता चॅटबॉट संदर्भयादीही तयार करून देतो, आणि तिच्यात अस्तित्वात नसलेले निबंध खऱ्या लेखकांच्या नावांवर बेमालूम बसलेले असतात. डीओआय क्रमांकाचा खरा उपयोग इथे आहे. तो दर्जा सांगत नाही, पण तो उघडला की निबंध अस्तित्वात आहे का, आणि मागाहून मागे घेतला गेला आहे का, हे बहुधा कळतं. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली की माणसं खरं लिहितात, हा एचआरवाल्यांचा लाडका निष्कर्ष २०१२ च्या ज्या निबंधात होता, तो २०२१ मध्ये आकडे बनावट असल्याच्या कारणावरून मागे घेतला गेला. तो कुठे छापला होता? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. कोणत्याही यादीत तो पहिल्या पानावर बसला असता. पकडला कसा गेला? त्याच लेखकांनी दुसऱ्या गटासह प्रयोग पुन्हा केला, तो निष्कर्ष निघेना, तेव्हा मूळ आकडे खुले केले गेले, आणि ते आकडे वाचणाऱ्यांना खोट दिसली.

म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांना आणि परीक्षकांना विनंती. पुढच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या संदर्भयादीची पानं मोजू नका. तिच्यातल्या कोणत्याही एका निबंधावर बोट ठेवा आणि विचारा: यात माणसं किती होती, कुठली होती, आणि हे चुकीचं असू शकतं असं लेखकाला कुठे वाटलं?